स्टेटस गेलं म्हणून पोरांना शाळेतून काढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका ताईंच्या दिराची नोकरी गेली, एच-१बी या वर्क व्हिसावर नोकरी गेल्यावर मिळणारे साठ दिवस उलटून गेले, नवीन कंपनी व्हिसाचं पिटिशन भरतो भरतो म्हणत राहिली आणि शेवटी भरलंच नाही, म्हणजे स्टेटस, इथं राहायची कायदेशीर परवानगी, गेलं. पुतणी पुण्यात जन्मलेली, एच-४ वर, म्हणजे बापाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आलेली, आता चौथीत आहे. धाकटा इथलाच जन्म, किंडरगार्टनला जातो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की शाळा आता मुलांची नावं आइसला, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या सरकारी यंत्रणेला देतात, तेव्हापासून जाऊबाई दोघांनाही घरात घेऊन बसल्यात. ताई विचारतायत की हे खरं आहे का, पोरीला शाळेतून काढायचं का, आणि शाळेनं स्टेटस विचारलं तर सांगायचं काय.

काढू नका. उद्यापासून दोघांनाही पाठवा. आता का ते सांगते, जरा लांबेल पण वाचा.

मी आधी एका इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल होते आणि गेली बरीच वर्षं एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या एनरोलमेंट डेस्कवर आहे, म्हणजे पालक जिथं कागदांची फाइल छातीशी धरून येतात ना, त्या काउंटरच्या पलीकडच्या बाजूला. वकील नाहीये. त्यामुळे कायद्याचं सर्वसाधारण सांगते, दिरांच्या केसचं काय करायचं ते वकीलच सांगेल.

आधी कायदा. १९७५ मध्ये टेक्सासनं एक कायदा केला की जी मुलं देशात कायदेशीर आलेली नाहीत त्यांच्या शिक्षणासाठी राज्य पैसे देणार नाही आणि शाळांनी त्यांना हवं तर सरळ नाकारावं. १९७७ मध्ये टायलर नावाच्या गावातल्या डिस्ट्रिक्टनं अशा मुलांना वर्षाला १,००० डॉलर फी लावली. गुलाबांच्या शेतात नाहीतर कारखान्यात राबणाऱ्या मेक्सिकन लोकांनी कुठून आणायचे हजार डॉलर? चार कुटुंबं कोर्टात गेली. कोर्टात आलो म्हणून तिथंच पकडतील या भीतीनं सुनावणीच्या दिवशी गाडीत घरातलं सामान भरूनच आली होती ती, आणि जज विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी मुद्दाम पहाटे ठेवली होती की गर्दी नको, कुणी बघायला नको. ती केस वर जात जात सुप्रीम कोर्टात गेली आणि १५ जून १९८२ ला निकाल लागला, प्लायलर विरुद्ध डो. ५ विरुद्ध ४. जस्टिस ब्रेनन यांनी लिहिला. अमेरिकन राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत समान संरक्षण 'नागरिकाला' नाही तर राज्याच्या हद्दीतल्या 'कोणत्याही व्यक्तीला' आहे, आणि आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा लेकरांना देता येत नाही, हा त्याचा गाभा. म्हणून किंडरगार्टन ते बारावी पब्लिक स्कूल सगळ्या मुलांना फुकट, स्टेटस काहीही असो. प्लायलर हे त्या टायलरच्याच सुपरिंटेंडेंटचं नाव, आणि गंमत म्हणजे बऱ्याच वर्षांनी ते स्वतःच म्हणाले की आपण हरलो ते बरंच झालं.

५ विरुद्ध ४ म्हणजे एका मतानं वाचलेला निकाल आहे हे मी लपवत नाही. तो उलटवायचे प्रयत्न अधूनमधून होतच असतात. कॅलिफोर्नियात १९९४ ला अशा मुलांना शाळा बंद करणारं प्रपोझिशन १८७ मतदानानं पास झालं होतं, ते कोर्टानं अडवलं. अलाबामानं २०११ मध्ये शाळांना नवीन मुलांचं स्टेटस तपासून नोंदवायला लावलं, तेही पुढच्या वर्षी अपील कोर्टानं बंद पाडलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, कायदा लागू झाल्यावर काही दिवसांत एकेका दिवशी दोन हजारांच्या आसपास हिस्पॅनिक मुलं शाळेतून गायब. आणि त्या कायद्यात कुणालाही शाळेतून काढा असं लिहिलेलंच नव्हतं बरं का, नुसतं विचारा एवढंच होतं. २०२५ मध्ये टेनेसीच्या सिनेटनं असं बिल पास केलं की शाळा अशा मुलांना फी लावू शकतील किंवा नाकारू शकतील, ते हाउसमध्ये अडकलं. ओक्लाहोमाच्या शिक्षण बोर्डानं नागरिकत्वाचे कागद विचारायचा नियम आणला, तो पुढे गेला नाही. तर प्रयत्न चालू आहेत, पण निकाल आजही उभा आहे आणि न्यू जर्सीच्या स्वतःच्या नियमांतही लिहिलंय की स्टेटसवरून प्रवेश अडवायचा नाही. अपवाद एकच, ज्यांना एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पब्लिक स्कूलमध्ये यायचंय ते. त्यांना पूर्ण खर्च भरावा लागतो, हायस्कूललाच आणि जास्तीत जास्त बारा महिने. तुमच्या पुतणीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता शाळा काय विचारते ते. तीन गोष्टी. मुलाचं वय, तुम्ही त्या गावात राहता याचा पुरावा, आणि लसी. वयासाठी पुणे महानगरपालिकेचा जन्मदाखला चालतो, मराठीत असेल तर भाषांतर जोडा. पत्त्यासाठी लीज, लाइटबिल, बँक स्टेटमेंट असलं काहीतरी. सोशल सिक्युरिटी नंबर कंपलसरी नाही, कुठंच नाही, फॉर्मवर रकाना असला तर रिकामा सोडा. व्हिसाची कॉपी, आय-९४ (कुठल्या तारखेपर्यंत राहता येतं ते दाखवणारी प्रवेशाची नोंद), ग्रीन कार्ड मागायचं शाळेला काही कारण नाही. काही डिस्ट्रिक्ट पालकांकडे सरकारी फोटो आयडी मागायचे, जो स्टेटस नसलेल्या माणसाकडे त्या वेळी असणंच शक्य नव्हतं, त्यावरून २०१८ मध्ये एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेनं न्यू जर्सीतल्या अनेक डिस्ट्रिक्टवर केस केली होती.

आणि इथं आपल्या लोकांची एक सवय सांगते. भारतात शाळेत जाताना आपण झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन जातो, आधार, रेशनकार्ड, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, मागितलं नसलं तरी पुढं सरकवतो, कारण नंतर हेलपाटा नको. तीच सवय इथं. मी जन्मदाखला मागते आणि समोरून पासपोर्ट येतो, त्यात व्हिसाचं पान उघडंच, वर नोकरीचं पत्र आणि आय-७९७ ची, म्हणजे व्हिसाचं पिटिशन मंजूर झाल्याच्या नोटिशीची कॉपी. घेतलं आणि स्कॅन झालं की ते रेकॉर्ड झालं! मी तरी परत देते आणि सांगते की हे मला नकोय, पण सगळीकडे असं होईलच असं नाही. तेव्हा मागितलं तेवढंच द्या. काउंटरवर किंवा टीचरला भावनेच्या भरात 'आमचं स्टेटस गेलं हो' असंही सांगू नका. टीचर चांगलीच असते, ती काउन्सेलरला सांगते, काउन्सेलर मदत करायची म्हणून कुठंतरी नोंद करते, आणि जे शाळेला माहीतच नव्हतं ते लिहून बसतं. जे नोंदवलेलं नाही ते कुणी मागून मिळत नाही. मग स्टेटस विचारलं तर? बहुतेक करून विचारणारच नाहीत, आणि नवीन क्लार्कनं विचारलंच तर शांतपणे म्हणायचं, प्रवेशासाठी हे लागत नाही ना, मग मी देत नाही. खोटं मात्र बोलायचं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

ग्रुपवरचा मेसेज. शाळा याद्या पाठवतात असा काही प्रकार नाहीये. फर्पा म्हणून १९७४ चा कायदा आहे, त्यात मुलाचं रेकॉर्ड पालकांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. कोर्टाची ऑर्डर किंवा कायदेशीर समन्स आलं तर द्यावं लागतं, पण तेव्हाही बहुतेक वेळा आधी पालकांना कळवायचा प्रयत्न करणं शाळेला बंधनकारक असतं. आइसनं स्वतःच्या सहीनं समन्स काढलं तर ते आपोआप बंधनकारक होत नाही, पाळायला लावायचं तर त्यांना कोर्टात जावं लागतं, म्हणून तसलं काही आलं की ते आधी डिस्ट्रिक्टच्या वकिलाकडे जातं.

पण एक भोक आहे त्यात आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. डिरेक्टरी इन्फर्मेशन. म्हणजे नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, आणि कायद्याच्या व्याख्येत जन्मस्थळसुद्धा! डिस्ट्रिक्टनं यातलं जे जे आपल्या यादीत घातलं असेल ते परवानगी न घेता देता येतं, पालकांनी नको म्हटलं नसेल तर. ते नको म्हणायचं पत्र वर्षाच्या सुरुवातीला हँडबुक, बसचं वेळापत्रक, पीटीएची वर्गणी या सगळ्या ढिगात येतं, आणि पालक शेवटच्या पानावर जाऊन 'वाचलं' म्हणून क्लिक करून मोकळे होतात. तेव्हा ताई, पहिलं काम हे. जाऊबाईंना शाळेच्या ऑफिसला ईमेल टाकायला सांगा की माझ्या मुलांची डिरेक्टरी इन्फर्मेशन कुणालाही देऊ नका, लेखी उत्तर पाठवा. मुदत गेली असली तरी टाका, बहुतेक शाळा घेतात. कारण द्यायचं नाही, कुणी विचारतही नाही, घटस्फोटाच्या भांडणापासून ते मार्केटिंगच्या फोनपर्यंत शंभर कारणांनी लोक हे करतात.

आता सगळ्यात मोठी भीती, आइस शाळेत आली तर. २०११ पासून शाळा, चर्च, हॉस्पिटल अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही असं होमलँड सिक्युरिटी खात्याचं (आइस त्यातच येते) धोरण होतं, २०२१ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं होतं. ते जानेवारी २०२५ मध्ये नवीन सरकार आल्याबरोबर रद्द केलं. तेव्हा 'शाळेत येऊच शकत नाहीत' हे आता कुणी सांगत असेल तर चूक. पण धोरण गेलं म्हणजे राज्यघटना गेली असं नाही. शाळेच्या लॉबीच्या आत, वर्गांच्या बाजूला जायचं तर जजच्या सहीचं वॉरंट लागतं, किंवा शाळेची परवानगी, किंवा खरंच तातडीची काही परिस्थिती. वॉरंट दोन प्रकारची असतात आणि हा फरक आमच्या फ्रंट डेस्कवरच्या बायकांना आता पाठ झालाय. एकावर वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव असतं, फॉर्म नंबर आय-२०० किंवा आय-२०५, खाली सही इमिग्रेशन ऑफिसरची. ते खात्याचं आतलं वॉरंट, त्याच्यावर शाळेचं दार उघडायची सक्ती होत नाही. दुसऱ्यावर कोर्टाचं नाव असतं आणि जजची सही, ते मानावंच लागतं. आमच्याकडे पद्धत अशी की बाहेरचं दार बझरनं उघडतं, आतलं उघडत नाही, माणूस त्या मधल्या जागेत थांबतो, कागदाची कॉपी घेतली जाते, सुपरिंटेंडेंट आणि वकिलाला फोन, आणि ते सांगेपर्यंत एकाही मुलाला वर्गातून बोलावत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हे खरोखर घडलं, होमलँड सिक्युरिटीचे एजंट दोन एलिमेंटरी शाळांत गेले, काही मुलांची विचारपूस करायचीय म्हणाले, प्रिन्सिपलनी आत घेतलं नाही, ते परत गेले. आणि उलटं उदाहरणही ऐका, जानेवारी २०२५ मध्ये शिकागोतल्या एका शाळेत आइस आली अशी बातमी देशभर झाली, नंतर कळलं की ते सीक्रेट सर्व्हिसचे लोक होते, वेगळ्याच चौकशीसाठी आलेले. म्हणून ग्रुपवर 'अमुक शाळेत आइस' आलं की फॉरवर्ड करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला एक फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे. अफवेनंही मुलं घरी बसतातच. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शेतमजुरांच्या भागात धाडी पडल्या, त्यानंतर स्टॅनफर्डच्या थॉमस डी यांनी तिथल्या पाच डिस्ट्रिक्टची हजेरी तपासली तर रोजची गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढलेली. धाडी शाळेत पडल्या नव्हत्या हो. शेतांत, रस्त्यांवर, दुकानांच्या पार्किंगमध्ये पडल्या होत्या.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. शाळेची इमारत ही या सगळ्यातली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा आहे, धोका असलाच तर घर ते शाळा या रस्त्यावर आणि मोठ्या माणसांना आहे. आणि मूल घरी बसवलं तर काय होतं? न्यू जर्सीत वर्षात दहा दिवस विनाकारण गैरहजेरी झाली की शाळेला प्रकरण कोर्टापर्यंत न्यावं लागू शकतं, त्याच्या आधी फोन, पत्रं, घरी कुणीतरी येणं. म्हणजे ज्या नजरेतून सुटायचं म्हणून पोरगी घरी ठेवली तीच नजर तुम्ही स्वतःहून ओढवून घेता. जाऊबाईंना एवढं एकच वाक्य सांगितलंत तरी चालेल.

रस्त्याचं काय करता येईल? बस मिळत असेल तर बस घ्या. ताई, तुमचं ग्रीन कार्ड असेल तर सोडायला-आणायला तुम्ही जा. टेललाइट फुटलेली गाडी, संपलेलं रजिस्ट्रेशन, असल्या फालतू गोष्टींवरून पोलिसानं थांबवायची वेळ येऊ देऊ नका. न्यू जर्सीचे स्थानिक पोलीस, शाळेतला पोलीस ऑफिसर धरून, राज्याच्या २०१८ च्या निर्देशामुळे साधारणपणे स्टेटस विचारत नाहीत, पण अटकेची नोंद झाली की ती पुढे कुठं दिसेल यावर कुणाचा ताबा नसतो.

मग इमर्जन्सी कार्ड. शाळा मूल फक्त त्यावर नाव असलेल्या माणसाच्याच ताब्यात देते, तेही आयडी बघून. बहुतेक कार्डांवर काय असतं, आई, बाबा, आणि तिसरं नाव त्या शेजारणीचं जी कधीच टेक्सासला मूव्ह झाली. साडेतीनला आईबाप दोघंही आले नाहीत तर शाळा कुणाला फोन करणार? तिथं आजच तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं नाव घाला, चालू फोन नंबरसकट. त्यासोबत नोटराइज केलेली पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवा की आईवडील नसताना काका-काकूंना मुलांच्या शाळेचे आणि डॉक्टरचे निर्णय घेता येतील, प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा असतो, वकिलाकडून न्यू जर्सीचाच करून घ्या. आणि धाकट्याचा अमेरिकन पासपोर्ट काढलाय का? सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आई आणि बाप दोघांची संमती लागते, एकजण हजर नसेल तर त्याचं वेगळं नोटराइज्ड संमतीपत्र. उद्या एकजण डिटेन्शनमध्ये आणि दुसरा इथं अशी वेळ आली तर ती सही मिळवताना नाकी नऊ येतात. शिवाय तो अमेरिकन नागरिक, म्हणजे भारतात न्यायचा तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा व्हिसा लागणार. हे घाबरून करायचं नाहीये, दोघंही घरात असताना एका शनिवारी बसून करून टाकायचंय.

पैशांची ओढाताण होऊन ते अपार्टमेंट सोडून तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला आले, तर? तेही विचारून ठेवते कारण हमखास होतं. परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात राहणारी मुलं मॅकिनी-व्हेंटो कायद्यात बेघर धरली जातात, आणि मग त्यांना जुन्याच शाळेत राहायचा हक्क मिळतो, बससकट, आणि नवीन शाळेत घालायचं तरी कागद नसले तरी लगेच घ्यावं लागतं. आपल्या लोकांना तो 'होमलेस' शब्द फॉर्मवर बघूनच कसंतरी होतं, आम्ही काय रस्त्यावर आहोत का म्हणतात, आणि नाकारतात, मग पोरीची शाळा वर्षाच्या मध्येच तुटते. बिनधास्त टिक करा. फुकट जेवणाच्या फॉर्मचंही तसंच, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर 'नाही' म्हणून चौकोन असतो, स्टेटसचा प्रश्नच नसतो.

खोटं बोलू नका म्हटलं ते यासाठी. एक गोष्ट अशी आहे की जी कुठलाही वकील नंतर सहजासहजी धुऊन काढू शकत नाही, ती म्हणजे 'मी अमेरिकन नागरिक आहे' असा खोटा दावा. १९९६ पासून त्यासाठी अमेरिकेत यायला-राहायला जवळजवळ कायमची बंदी आहे, माफीची सोय नाहीच म्हटलं तरी चालेल. चौथीच्या मुलीला आज याचं काही नाही, पण हायस्कूलमध्ये वर्गात येऊन मतदार नोंदणीचे फॉर्म वाटतात, सगळे भरतात म्हणून आपलं पोरही भरतं, आणि त्यात 'मी नागरिक आहे' यावर टिक करून बसतं. मोठी भावंडं, मामेभाऊ कुणी त्या वयाचं असेल तर त्याला बसवून सांगा. आणि प्लायलर बारावीपर्यंतच आहे, कॉलेजच्या फीचा खेळ पूर्ण वेगळा आणि राज्याराज्यात वेगळा. टेक्सासनं २००१ पासून अशा मुलांना राज्यातल्यांची कमी फी दिली होती, ती जून २०२५ मध्ये केंद्रानं केस टाकल्यावर एका दिवसात गेली.

आता दिरांसाठी दोन शब्द, कारण शाळेपेक्षा घड्याळ त्यांचं चालू आहे. साठ दिवस संपले म्हणजे स्टेटस गेलं, पण अमेरिकेत परत यायच्या तीन आणि दहा वर्षांच्या बंदीसाठी जे दिवस मोजतात ते साधारणपणे आय-९४ वरच्या तारखेनंतर सुरू होतात, ही तारीख अजून पुढे असू शकते. ती संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा. अठरा वर्षांखालच्या मुलांचे हे दिवस मोजत नाहीत, म्हणजे पुतणीच्या नावावर आज काही साचत नाहीये. आईबापांच्या नावावर साचतं. म्हणून त्यांनी याच आठवड्यात वकिलाला भेटावं, पासपोर्ट, आय-९४ चा प्रिंट आणि सगळ्या आय-७९७ घेऊन. नोटरी पब्लिकचा बोर्ड लावून 'इमिग्रेशनची कामं करतो' म्हणणाऱ्याकडे नाही, आणि ग्रुपवरच्या ज्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड झालंय अशा काकांकडेही नाही.

आणि परत पुण्याला जायचं ठरलंच तर मार्च-एप्रिलपर्यंत ओढण्यात काही अर्थ नाही, पण गुपचूप निघूनही जाऊ नका. ऑफिसला सांगून रीतसर विड्रॉवल करा, सहीशिक्क्याचा ट्रान्सक्रिप्ट आणि लसींचं रेकॉर्ड हातात घ्या, धाकट्याच्या बर्थ सर्टिफिकेटवर ट्रेंटनहून अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्या, इथं असतानाच. तिकडे शाळा टीसी टीसी करतील. आरटीईमध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे त्यांना नम्रपणे आठवण करून द्या, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा ऐकत नसेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या, पोच घेऊन.